सकूबाईच्या मनगटातली करकर

सकूबाई माझी शेजारीण. तिच्या नि माझ्या घरांमधे एकच कारवीचा कूड, तिकडं भांडं पडलं तर इकडं कळायचं. पण शेजारधर्माचं काय विचारू नका. तिची तांबडी कोंबडी एकदा कोल्ह्यानं नेली. किन्हवलीत सगळ्यांना ठाऊक. पण ही बया माझ्या उकिरड्यात पिसं शोधत बसली, आणि सापडली नाय तर म्हणते, "हिरीनं जाळली असतील." हिरी म्हणजे मी. आता बोला!

असा तिचा स्वभाव. बाजारातलं मीठ जिभेवर ठेवून बघितल्याशिवाय पदरात घेणार नाय. नवरा काळूराम शहापूरला जाऊन आला की आधी त्याचं मुंडासं हुंगणार, मग पाणी देणार. जात्याला टाकी लावणारी, छिन्नीनं ठोकून दगड खरखरीत करून देणारी टाकारीण दारात आली तर तिलाही हाकलली. "ठोकून ठोकून माझा दगड संपवता नि परत पोट भरायला येता!" ती बाई पुन्हा त्या दारी फिरकली नाय, आणि सकूबाईचं जातं झिजून गुळगुळीत झालं.

घरात आणखी एक माणूस होतं, ठमी. काळूरामचा धाकटा भाऊ गणू तापानं गेला, त्याची ही बायको. माहेर डोळखांबच्या रानातल्या पाड्यावर. आईबाप केव्हाच गेले, भाऊ कामाला गेला तो कुठं गेला कोणाला ठाऊक नाय. काळूरामचं दार बंद झालं तर ठमीनं जायचं कुठं, तर कुठंच नाय.

लढाईची सालं होती. गवताच्या ठेकेदारानं गावाबाहेर वखार घातली. गवत कापायला, गठ्ठे दाबायला माणसं आली आणि त्यांच्या भाकऱ्यांचं काम काळूरामनं घेतलं. तांदळाचं पीठ लागायचं, नाचणीचं लागायचं, तेही ढिगानं. आधी दोघी जावा समोरासमोर बसून दळायच्या, एका खुंट्याला दोघींचे हात. पण सकूबाईला वाटलं ठमी पीठ लांबवते. झालं! ठमीला पाण्याला नि चुलीला लावली आणि ही एकटी दळू लागली.

दिवाळीच्या आधी तिचा उजवा हात धरला. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर सूज. मूठ आवळली की कळ थेट कोपरापर्यंत. आणि हात फिरवला की आत करकर वाजायचं, नव्या वहाणेसारखं. मी बोट ठेवून बघितलंय, खोटं नाय सांगत. सकूबाईनं तेल लावून ते मनगट दातओठ खाऊन चोळलं. सकाळी सूज दुप्पट.

ठमीला दया आली. तिनं निगडीचा पाला तव्यावर गरम करून मनगटाला बांधला आणि म्हणाली, "बाय, दोन दिस दळू नका, मी दळते."

सकूबाईनं पाला बांधून घेतला, पण जातं काय सोडलं नाय. मग दुखायचं थांबणार कसं? पण तिच्या डोक्यात भलतंच शिरलं. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात येऊन कुजबुजते, "हिरे, पाल्यात कायतरी होतं गो. ही रानातली. हिला काय काय येतं ते आपल्याला काय ठाऊक! नि मला दळू नको म्हणते. का म्हणते?"

मी म्हटलं, "तुझा हात सुजलाय म्हणून म्हणते."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसा काय मीच पाला तोडून दिला होता. त्या दिवसापासून ठमीनं हाताला हात लावायचा नाय, ठमीनं वाढलेलं खायचं नाय.

मग वैशाखऱ्याला, तिच्या माहेरच्या गावी, भावाच्या लेकीचं लग्न निघालं. सकूबाई माहेरी गेली ती चांगली रमली. भावजय कसलंच काम तिला करू देईना. परत आली तेव्हा मनगट बारीक, कळ नाय, करकर नाय. वेशीपासून हात नाचवत आली. "बघा गो बघा! तिच्या सावलीतून बाहेर पडले नि हात बरा झाला!"

आणि लोकांना पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू? घर सोडलं की बरं, मग घरातच कायतरी, असंच कोणीही म्हणेल.

ती परत जात्याला बसली. आठवडा नाय झाला तर हात पुन्हा धरला. आता तर खात्रीच! "करणी आहे. भुताळी आहे ती," सकूबाई ओरडली. काळूरामनं भगताला बोलावणं धाडलं. दिवेलागणीला भगत सुपात तांदळाचे दाणे टाकणार, नाव निघणार आणि ठमी घराबाहेर होणार. नाव काय निघणार ते सगळ्या आळीला आधीच ठाऊक होतं. ठमीला तर होतंच. तिनं दुपारी आपली दोन लुगडी नि गणूची घोंगडी यांचं गाठोडं बांधलं आणि उंबऱ्याशी बसली. रडली नाय, भांडली नाय. मला मात्र कुडाआड रडू आलं.

आता सकूबाईची तऱ्हा बघा. जाणाऱ्या बाईचं गाठोडंसुद्धा तिला तपासायचं होतं! "सोड, काय काय नेतेस बघू दे." ठमीनं गाठोडं छातीशी धरलं. सकूबाईनं तिचं उजवं मनगट धरलं आणि डाव्या हातानं पिळलं.

ठमी कळवळून ओरडली. मी धावत गेले. बघते तर सकूबाई तशीच उभी, हातात ठमीचं मनगट, तोंडावरचा रंग उडालेला.

"हिरे, इथं बोट ठेव."

मी ठेवलं. करकर. त्याच जागी, अंगठ्याच्या मुळाशी, तशीच सूज.

"हे कदीपासून गो?"

"तुमी वैशाखऱ्याला गेला तवापासून."

"बोलली का नाय?"

ठमी म्हणाली, "बोलून काय? तुमी म्हटलं असतं, सोंग करते."

सकूबाई खाली बसली. ठमीवर कोण करणी करील? तिनं आधी माझ्याकडं बघितलं, हो, तेव्हाही! मग आरडाओरडा ऐकून आलेल्या काळूरामकडं. मग हळूच विचारलं, "मी नव्हते तवा दळत कोण होतं?"

"कोण दळणार? मीच. एकटी."

सकूबाईची मान जात्याकडं वळली. बाईनं आयुष्यभर माणसांवर संशय घेतला, पहिल्यांदाच दगडावर घेतला. उठली, जात्याशी बसली, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि दळू लागली. तोंड वाकडं झालं, पण थांबली नाय. मग जात्याचा वरचा दगड उचलला, आतून बोटं फिरवली. गुळगुळीत. दाणा भरडतच नव्हता, सगळा जोर मनगटाचा. खुंटाही झिजून बोटाएवढा बारीक झालेला, तो घट्ट आवळून धरावा लागायचा.

दिवेलागणीला भगत आला. सूप मांडलं, अंगण माणसांनी भरलं. त्यानं विचारलं, "बाई, संशय कोणावर?"

सकूबाई म्हणाली, "जात्यावर."

माणसं खो खो हसली. भगत रागावून सूप घेऊन गेला. काळूरामनं कपाळावर हात मारला. सकूबाई कोणाला भ्यायची नाय. दुसऱ्या दिवशी टाकारणीला पाड्यावरून आणली, चार शब्द ऐकून घेतले, पण जात्याला टाकी लावून घेतली. नवा जाड खुंटा बसवला, त्याला चिंधी गुंडाळली. वखारीला निम्मंच पीठ देऊ म्हणून काळूरामला ठणकावलं. दोघींचे हात बरे होईस्तोवर मी दळलं, आणि ती माझ्यावर नजर ठेवून बसली! मग दोघी पुन्हा समोरासमोर. दर सूपभर दळण झालं की हात बदलायचा, थोडं थांबायचं, दुखतंय वाटलं की त्याच दिवशी उठायचं.

हात बरे झाले. पण ठमीनं गाठोडं सोडलं नाय. आढ्याला टांगलं होतं, तसंच राहिलं. लुगडं हवं तर त्यातनं काढायची नि परत गाठ मारायची. दळताना सकूबाईची नजर तिथंच जायची. एकदा न राहवून म्हणाली, "ठमे, ते गाठोडं कदी सोडशील गो?"

ठमी खुंटा फिरवत म्हणाली, "तुमचा हात परत दुखंल ना, तवा बघू."

सकूबाईनं गाठोड्यावरची नजर काढली नि जात्यात मूठभर दाणे टाकले. 

पुढल्या साली भातझोडणीत तिचा हात पुन्हा धरला. मी कुडाला कान लावून बसले, आता काय होतंय म्हणून. सकूबाई चुलीशी गेली, ठमीपुढं हात धरला आणि म्हणाली, "पाला बांध गो. तुझ्या हातानं बांध."

ठमीनं निगडी तोडून आणली. पाला गरम केला. बांधायला चिंधी हवी होती. तिनं आढ्यावरचं गाठोडं काढलं, गाठ सोडली आणि आतलं जुनं लुगडं टरकन फाडलं.