ओट दुपारी फुलतो

महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात कुणी ना कुणी मला गाठतंच. "बघा, तुमचं राहिलेलं लेकीने पूर्ण केलं!" मी हसते, श्रीखंड वाढते आणि मनात म्हणते, माझं राहिलेलं अजून माझ्याकडेच आहे. तिने केलं ते तिचं.

सरळच सांगते, मला माझ्या मुलीचा हेवा वाटतो. आईने असं बोलू नये हे मलाही कळतं. कृषी महाविद्यालयात मी ज्वारीच्या संकरावर एमएस्सी केली. वर्गात आम्ही मोजक्याच मुली, आणि माझ्याइतका सफाईदार हात एकाही मुलाचा नव्हता. सर हे सगळ्यांसमोर म्हणायचे. मग डॉक्टर नवरा, त्याची कार्डिफमधली नोकरी आणि माझं हॉस्पिटलमधलं रिसेप्शन. अजूनही मी तिथेच बसून पेशंटना "टेक अ सीट" सांगते. आणि माझी लेक, जिला लहानपणी कुंडीला पाणी घाल म्हटलं तरी कंटाळा यायचा, ती इथल्याच एका संशोधन केंद्रात ओटच्या नव्या जाती तयार करते. चांगले धिप्पाड वेल्श शेतकरी तिला फोन करून विचारतात, यंदा काय पेरू? तिच्या गाडीच्या डिकीत चिखलाने माखलेले बूट असतात. त्या बुटांचासुद्धा मला हेवा वाटतो.

मागच्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. "आई, माझा टीममध्ये दोन लोक सिक आहे. क्रॉसिंगचा सीझन आहे. तू येशील? तुला येतो ना हे सगळा?"

येतो ना, म्हणे! क्रॉसिंग म्हणजे संकर, त्यातच तर माझी एमएस्सी. मी लगेच आठवड्याची रजा टाकली. "अहो, फ्रीजमध्ये आमटी आहे, भाताचं तुमचं तुम्ही बघा," नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "लढाईला निघाल्यासारखी निघालीयस." निघालेच होते तशी. मी हात लावलेल्या ओंब्यांत दाणे भरले असते, तर मंडळातल्या कुणाचीही ते 'लेकीने पूर्ण केलं' पुन्हा उच्चारायची हिंमत झाली नसती. निदान मला तरी ते पुन्हा टोचलं नसतं.

काम नाजूक. ओटच्या कोवळ्या फुलातले पुंकेसर फुटायच्या आत चिमट्याने काढायचे, ओंबीवर कागदी पिशवी चढवायची आणि नंतर दुसऱ्या जातीचे ताजे पराग तिच्यावर सोडायचे. इतक्या वर्षांनी चिमटा धरला, तरी बोटं जराही अडली नाहीत. मला रडू येणार होतं, पण बाजूला माणसं होती.

"आई, पोलनचं इथे थोडा डिफरंट आहे, आफ्टरनूनला..." लेक सांगायला लागली.

"मला नको शिकवूस," मी तिला मध्येच तोडलं.

तिची मीटिंग होती, ती गेली. संध्याकाळी पुंकेसर काढायचे, सकाळी पराग द्यायचे, हे मी झोपेतही सांगेन. ज्वारीला आम्ही तसंच करायचो. आठवडाभर मी रोज सकाळी केंद्राच्या काचेच्या हरितगृहात हजर. ओंब्या झटकून जो पिवळा भुगा मिळेल तो फुलांना लावत होते. टीममध्ये नुकतीच आलेली एक वेल्श बाई, माझ्याच वयाची, टक लावून माझा हात बघायची. मी तिला सगळं शिकवलं. सरांसारखं, जरा रुबाबातच.

काही दिवसांनी, पिशव्या उघडायच्या वेळी मी पुन्हा गेले. पहिली उघडली, रिकामी. दुसरीत नुसती टरफलं. शेवटच्या पिशवीपर्यंत मी बोटांनी दाबून बघत राहिले. माझ्या एकाही ओंबीत दाणा नव्हता.

लेकीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "इट्स ओके, आई. गरम होता ना खूप. ओटमध्ये असा होतो. यू डिड सो वेल."

मी मान हलवली. मग ती पलीकडच्या टेबलाशी गेली. त्या वेल्श बाईच्याही दोन पिशव्या रिकाम्या निघाल्या होत्या. माझ्या मुलीचा इतका कडक आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. इंग्रजीत ती तिला म्हणाली, "हे सकाळी केलंस? ओट दुपारी फुलतो. सकाळी ताजे पराग नसतातच, तू कालचा मेलेला भुगा लावलास. दोन क्रॉस गेले माझे. आज दुपारी नव्या ओंब्यांवर सगळं परत करायचं, आणि मी शेजारी उभी राहणार."

बाई लाल झाली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, पण माझं नाव घेतलं नाही. "सॉरी, पुन्हा नाही होणार," एवढंच म्हणाली.

आणि मला त्या बाईचा असा हेवा वाटला, की लेकीचा आजवर कधी वाटला नसेल. नुकसान मी तिच्या कितीतरी पट केलं होतं. तिला बोलणी मिळाली, दुपारची वेळ मिळाली, शेजारी उभं राहून शिकवणारं माणूस मिळालं. मला मिळाली शाबासकी.

मी उठून मुलीसमोर गेले. "तिला मी शिकवलं. तिला काय बोलतेस? मला बोल."

"आय नो, आई," ती हळू आवाजात म्हणाली.

"मग मला का नाही बोललीस?"

तिला खरंच कळत नव्हतं मी का चिडले ते. "ती इथे काम करते, आई," ती म्हणाली. "तू हेल्पला आलीस."

जेवायची सुट्टी झाली, सगळे कॅन्टीनकडे गेले. मी चिमटा घेऊन त्या बाईच्या टेबलाशी जाऊन बसले, ओट फुलायची वाट बघत.