भिकुबाईंची शाल आणि मेघाचं भरीत

चंपाषष्ठी झाली की भिकुबाईंना बोलावणी सुरू होतात. पाचोऱ्याजवळच्या खेड्यात त्यांचं घर, पण भरीत करायला त्यांना आसपासच्या गावांतून घेऊन जातात. ‘माझ्या वहिनीसारखं भरीत कोणाला जमत नाही,’ असं त्यांचे दीर सांगत फिरतात, आणि भिकुबाई त्यांना कधी अडवत नाहीत.

भरतापेक्षाही जाळाबाबतचा त्यांचा धाक मोठा. लग्नानंतरच्या दुसऱ्याच हिवाळ्यात भरीत खाऊन सगळे पांगले आणि राख विझली असं समजून कोणीतरी ती उकिरड्यावर टाकली. दुपारी वारा सुटला. राखेतला निखारा फुलला आणि शेजारची कडब्याची गंजी धडधडा पेटली. गुरं सोडवताना सासऱ्यांचे हात भाजले. ते बरे झाले, पण दोन बोटं कायमची वाकडी राहिली. तेव्हापासून भिकुबाईंचा जाळ घरापासून लांब, मोकळ्यावर. जवळ पाण्याची बादली आणि भिजवलेलं गोणपाट. राखेवर पाणी ओतून ती गार झाल्याशिवाय त्या जागेवरून हलत नाहीत. पोरीबाळी हसतात, त्याही हसतात, पण हलत नाहीत.

यंदा त्यांच्या मुलाने, ललितने, जळगावात घर बांधलं. सून मेघा जळगावचीच. तिने सगळ्या गल्लीला भरताचं जेवण सांगितलं आणि सासूबाईंना बोलावून घेतलं. भिकुबाई हिरवी, मोठाली वांगी घेऊन उतरल्या तर ललितने कपाशीच्या काड्या पोर्चमध्येच रचून ठेवलेल्या. वर कापडी मांडव, बाजूला दोन स्कूटर.

“माय, बाहेर थंडी शे. आठेच पेटाडू,” ललित रचलेल्या काड्यांकडे बोट दाखवत म्हणाला.

भिकुबाईंनी मांडवाकडे पाहिलं, मग स्कूटरकडे. “मंग हाई गाडी बी भरीतमा टाकनी शे का?”

सगळे खो खो हसले आणि काड्यांचे भारे उचलून शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर नेऊ लागले. शेजारचे अमृतभाऊ सगळ्यांत मोठा भारा घेऊन पुढे. मेघाने चुन्याची रेघ ओढली आणि पोरांना सांगितलं, “याच्या आत कोणी यायचं नाही.” वांगी फुटून अंगावर उडू नयेत म्हणून बायकांनी त्यांना टोचे मारले, तेल लावलं. काड्या तडतडल्या, जाळ उंच गेला. कोणीतरी स्पीकरवर खान्देशी गाणी लावली आणि बायकाही गाऊ लागल्या.

त्या दिवशी भिकुबाई फार खुशीत होत्या. एरवी जाळाजवळ जाताना पदर कमरेला घट्ट खोचायच्या. तसा आजही खोचला होता, पण वरून ललितने आणलेली नवी, मऊ, झुळझुळीत शाल होती. लांब काठीने वांगी फिरवत, मागे वळून बायकांच्या गाण्यात सूर मिळवत असतानाच शालीचं टोक जाळाला लागलं. त्यांना ते कळलंच नाही.

“आई, शाल टाका! टाका ती!” मेघा ओरडली.

भिकुबाईंनी शाल झटकून फेकली, पण ब्लाउजच्या लांब बाहीने पेट घेतला होता. मेघाने ओलं गोणपाट उचलून त्यांच्या हाताभोवती आवळलं. आग जागच्या जागी विझली. मनगट मात्र लालभडक झालं.

एक शेजारीण टूथपेस्ट घेऊन धावत आली. “काही लावू नका, नुसतं पाणी,” असं म्हणत मेघाने सासूबाईंचा हात नळाखाली धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग ललितने त्यांना डॉक्टरकडे नेलं. जखम वरवरची होती.

पट्टी बांधून परतताना आपल्यामुळे जेवण बिघडलं, पाहुणे निघून गेले असतील, असं भिकुबाईंच्या मनात येत होतं. पण प्लॉटवर पाहतात तर सगळे तिथेच. अमृतभाऊंनी जाळ विझवून राखेवर बादल्या रिकाम्या केल्या होत्या, आणि मेघा वांगी सोलून वाट पाहत बसली होती.

“आई, आता सांगा. मिरच्या किती?”

भिकुबाईंना हसू आवरेना. “बठ्ठा गावले मी शिकाडस, आनि पेटनू मीच!”

त्या खुर्चीत बसल्या आणि हुकूम सोडू लागल्या. लसूण वाढव, कांद्याची पात बारीक चिर, जोराने ठेच. मेघा घामाघूम झाली. तिच्या हातचं हे पहिलंच भरीत. फोडणी पडली आणि वास गल्लीभर गेला. पहिला घास भिकुबाईंना दिला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

“मीठ कमी शे.”

मेघाचा चेहरा पडला.

“पन आनखी दोन पुऱ्या वाढ,” भिकुबाई म्हणाल्या, आणि सुनेचा हात धरून तिला आपल्या शेजारी जेवायला बसवलं.