वेणू धवलारणीचा दावा

पालेगावात हळद असली की वेणूबायला सांगावा जायचाच. धवलारीण ती; लग्नात गायचे धवले तिच्याइतके कुणाला पाठ नव्हते. पण भाऊ बाळा विहिरीत सापडला तेव्हापासून ती गाता गाता मांडवातल्या एकेकाला निरखून बघायची. दिलेला चहा आधी देणाऱ्यालाच प्यायला लावायची.

"भाऊ जाऊन वरीस नाय झाला, नि ही गानी बोलतं," बाया कुजबुजत. वेणूबाय ऐकून न ऐकल्यासारखं करी. मांडवात बसल्याशिवाय प्रीतमशेठची माणसं कोण कोण, ते कळणार कसं?

प्रीतमशेठनं जमिनी गिळायला टोळीच पाळली होती. खोटे कागद करणारे दोघं, साक्षीला उभे राहणारे तिघं, आणि जो ऐकणार नाही त्याच्या दारात जाणारे दांडगे वेगळे. बाळानं रस्त्याकडेची जमीन द्यायला नाही म्हटलं. आठव्या दिवशी तो विहिरीत. दारू पिऊन पडला, म्हणे. बाळाला दारूच्या वासानंच ओकारी यायची. तेरावं झालं नि भावेश नावाचा एक गडी उगवला: मी बाळाचा मुलगा, हे कागद. जमीन त्यानं प्रीतमशेठला विकूनही टाकली. बाळाच्या अंगाला तर कधी हळदच लागली नव्हती.

वेणूबायनं एकटीनं उल्हासनगरच्या कोर्टात दावा लावला. वकील हेमचंद्र अंबरनाथ पूर्वेचे, सज्जन वाटायचे. पण त्यांच्या भिंतीवर प्रीतमशेठच्या फोटोचं कॅलेंडर दिसलं, तेव्हापासून ती त्यांनाही अर्धंच सांगू लागली.

"मावशी, भावेश तुमच्या भावाचा मुलगा नाही याला पुरावा हवा," ते म्हणत.

अशात प्रीतमशेठच्या घरूनच सांगावा आला. पोरीची हळद. वेणूबाय मनाशी म्हणाली, ह्यो मना कशाला बोलावतंय? पारखायला, का संपवायला? तरी गेली.

प्रीतमशेठची बायको कुंदा, तिनं हातात लग्नाची पत्रिका ठेवली. नावांनी गच्च, घड्या उलगडू तेवढी लांब. "वेणूबाय, धवल्यान यातली सगली नावां घे. एक जरी ऱ्हायला ना, त्यो रुसून जेवाचा नाय."

चौथी शिकलेली वेणूबाय बोट ठेवून वाचत गेली. नवरीच्या मामांच्या रांगेत बोट थांबलं. भावेश जनू भगत, बुवापाडा. कुंदाचा चुलतभाऊ. सरकारी कागदावर बाप बदलता येतो. पण पत्रिकेतून मामाचं नाव गाळलं तर अख्खं माहेर बारा वर्षं दारात पाऊल ठेवत नाही. तेवढी छाती प्रीतमशेठचीही झाली नव्हती.

"काय गो, थांबलीस का?"

"चष्मा नाय आनला."

कुंदाची पाठ वळताच पत्रिका पोलक्यात गेली. हिनं मुद्दाम तर दिली नाही ना, हा किडा डोक्यात वळवळत राहिला. तरी वेणूबाय शेवटपर्यंत गायली. भावेशमामाचं नावही सोडलं नाही.

पत्रिका तिनं हेमचंद्रांना दाखवली नाही; एकदम न्यायाधीशांपुढेच काढली. पलीकडचा वकील म्हणाला, छपाईची चूक. मग न्यायाधीशांनी पत्रिकेतल्या बापाला, जनूलाच बोलावलं.

म्हातारा आला. पहिल्या बाकावरून प्रीतमशेठची नजर त्याच्यावर रोखलेली.

न्यायाधीशांनी भावेशकडं बोट करून विचारलं, "हा तुमचा मुलगा आहे का? नसेल तर तसं लिहून द्या."

जनूनं प्रीतमशेठकडं पाहिलं, मग भावेशकडं. "सायेब, चार पोरींचे पाठीवर झायला ह्यो. नाय बोलून लिवून दिला तं मेल्यावर मना आग कोन देल? माजाच हाय."

विक्रीला स्थगिती आली. व्हरांड्यात प्रीतमशेठ आडवा आला. "जमीन पायजे व्हती, भेटल ना? आथा गप घरान बस."

वेणूबायनं पिशवीतून आणखी एक कागद काढला. बाळाच्या मरणाची चौकशी करा, असा अर्ज. त्याचा पत्ता तिनं हेमचंद्रांनाही लागू दिला नव्हता.

"जमनीसाठी मी कवा भांडत व्हती?" म्हणाली, आणि त्याच्या बाजूनं वाट काढून पोलीस चौकीकडं निघाली.