टिंबाची निर्यात

बिजागऱ्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात एकतीस वर्षं फक्त एका माणसाने बिजागरीचं म्हणणं ऐकून घेतलं. बाकीचे तिला कापत, वाकवत, भोकं पाडत आणि घमेल्यात फेकून देत. मागच्या खिडकीपाशी बसणारा हा गृहस्थ मात्र एकेक बिजागरी उचलायचा, कानाशी धरायचा आणि तीनदा उघडमीट करायचा. कुरकुरली की कानशीने जोड घासायचा, तेलाचा थेंब सोडायचा, पुन्हा कानाशी न्यायचा. गप्प झाली की पंच टेकवून हातोडीचा एक हलका ठोका. पत्र्यावर बारीकसं टिंब उमटायचं. टिंबाचा अर्थ एवढाच, की ही मी स्वतः ऐकली आहे. म्हणून सगळे त्याला टिंबकाका म्हणत. खरं नाव पगारपत्रकात होतं, तिथेच राहिलं.

मग थोरले मालक घरी बसले आणि कारभार धाकट्या मालकांकडे आला. धाकटे मालक हुशार. त्यांनी निर्यातीचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं, त्यातला एक दिवस चहापानातच गेला असला तरी प्रमाणपत्र पूर्ण तीन दिवसांचं मिळालं होतं. परत येताना त्यांनी जगाचा नकाशा आणला. तो एवढा अवाढव्य निघाला की भिंतीवर मावेना, म्हणून टिंबकाकांच्या खिडकीवरच ठोकला. जग आलं, उजेड गेला. काकांना एक ट्यूबलाइट मिळाली आणि ती लुकलुकायची.

"काका, बारा नमुने करायचेत. समुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकाला पाठवायचे. जीव ओतून करा," धाकटे मालक म्हणाले.

काकांना दुसऱ्या पद्धतीने काम येतच नव्हतं. आठ दिवस खपून त्यांनी बारा बिजागऱ्या अशा घासल्या की उघडताना हवासुद्धा हलू नये. नमुने गेले. महिन्याभरात उत्तर आलं: चाळीस हजार पाहिजेत, हुबेहूब अशाच. सोबत गिऱ्हाइकाने नमुना मोजून काढलेलं रेखाचित्र होतं. लांबी, रुंदी, जाडी, भोकं, आणि कोपऱ्यात ते टिंब. व्यास दीड मिलिमीटर, काठापासून अंतर चार मिलिमीटर. त्या भल्या माणसांना वाटलं, ही नक्षी असेल.

धाकटे मालक हवेत तरंगत खाली आले. "काका, तुमचं टिंब परदेशी चाललं!" सगळ्यांना चहा-बिस्किटं वाटली. काकांनाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. त्यांनी दोन बिस्किटं खाल्ली आणि मनात हिशोब मांडला.

"दिवसाला तीनशे ऐकून होतात माझ्याच्याने. म्हणजे पाच महिने तरी लागतील."

"दोन महिन्यांत जहाज सुटायचंय, काका. आणि ऐकायचं कशाला? टिंब मशीनच मारेल."

आणि मारलं की. साच्यातच टिंब बसवलं. आधी बिजागरी गप्प व्हायची, मग तिला टिंब मिळायचं. आता पत्रा वाकायच्या आधीच टिंब हजर. परीक्षेच्या आधी निकाल लावायची ही सोय धाकट्या मालकांना फार आधुनिक वाटली. जेवणाच्या सुट्टीत काकांनी भरलेल्या खोक्यातून दहा बिजागऱ्या उचलल्या आणि कानाशी धरल्या. सहा कुरकुरल्या. त्यातली एक तर किंचाळलीच. दहाही जणींच्या अंगावर काकांचं टिंब होतं.

काका तडक केबिनमध्ये गेले. धाकटे मालक म्हणाले, "तिकडे कोण दाराला कान लावून बसणारे? आणि हो, गुरुवारी तपासणी आहे. तुम्ही स्वच्छ शर्ट घालून या. हस्तकलेचे कारागीर म्हणून तुमची ओळख करून द्यायचीये. विचारलंच तर म्हणा, प्रत्येक नग तपासलाय. नाहीतर नुसतं हसा."

काकांच्या निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं होतं, आणि निवृत्तीचे पैसे याच हसऱ्या माणसाच्या सहीने मिळायचे होते. घरी काकूंना त्यांनी सगळं सांगितलं. काकू भाजी चिरता चिरता ऐकत होत्या.

"खरं बोललात तर काढतील?"

"काढतीलच. सगळी ऑर्डर जाईल त्याची."

"आणि खोटं बोललात तर माझ्याशी महिनाभर धड बोलणार नाही तुम्ही. ओळखते मी." काकूंनी विळी बाजूला ठेवली. "बोला खरं. माझं शिवणकाम आहे. भागेल आपलं."

गुरुवारी तपासनीस बाई आल्या. गिऱ्हाइकाने नेमलेल्या, हातात सीलबंद पिशवीत काकांचाच नमुना, बगलेत बावीस मुद्द्यांचा कागद. त्यांनी खोक्यांतून ऐंशी बिजागऱ्या काढल्या आणि एकेकीचं माप घेतलं. टिंबापाशी तर भिंगच लावलं. व्यास बरोबर, अंतर बरोबर. धाकटे मालक मागे उभे राहून टिंबाकडे असं बघत होते, जसं काही ते त्यांनीच दाताने कोरलंय.

"आणि हे आमचे कारागीर," ते म्हणाले. "एकतीस वर्षांचा अनुभव."

काका हसले नाहीत. त्यांनी टेबलावरून एक बिजागरी उचलली.

"बाई, ही मी ऐकलेली नाही. यातली एकही मी ऐकलेली नाही. हे टिंब मी फक्त न कुरकुरणाऱ्या बिजागरीवर मारायचो. हे खोटं आहे." आणि त्यांनी ती बाईंच्या कानाशी नेऊन उघडली.

कुर्रर्र झालं. भरपूर मोठ्याने झालं. पॅकिंगवाले हात थांबवून बघायला लागले. धाकट्या मालकांचा चेहरा पांढरा पडला.

बाईंनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. उलटून मागेही बघितलं.

"आवाजाचा मुद्दा नाहीये यात," त्या शांतपणे म्हणाल्या. त्यांचा काही दोष नव्हता. रेखाचित्रात आवाज काढता येत नाही. त्यांनी तळाशी सही केली, शिक्का मारला आणि जाता जाता काकांना म्हणाल्या, "टिंब मात्र फार सुबक आहे हं."

धाकट्या मालकांना कपाळावरचा घाम पुसायला दोन रुमाल लागले. मग ते काकांपाशी आले. काका उभ्या उभ्या बडतर्फीची वाट बघत होते. मालकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ द्या काका. काही बिघडलं नाही," ते प्रेमाने म्हणाले. "पुढच्या ऑर्डरला टिंब जरा मोठं घेऊ या. तुमचा पगारही वाढवतो."

त्या दिवशी काका लवकर घरी गेले. काकू दारातच उभ्या होत्या. शिवणयंत्र त्यांनी आधीच पुढच्या खोलीत आणून ठेवलं होतं.

"काढलं?"

"नाही. पगार वाढवला."

"मग डोळ्यांत पाणी कशाला? अहो, बोलला नाहीत का?"

"बोललो ना," काका म्हणाले. "सगळ्यांसमोर बोललो. बाईंच्या कानाशी धरून उघडली. सगळ्यांसमोर कुरकुरली ती. तरी पास केली."