बदामाला सोडलेले श्वास

नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीतलं बदामाचं झाड मी मारायला निघालो होतो, हे लिहून टाकतो. नव्या गाडीवर त्याची पानं, फळं आणि वटवाघळांची घाण पडायची. खोडात भोक पाडून हिंग भरला की झाड मरतं, असं ऑफिसात कुणीतरी सांगितलं. बायको माहेरी गेली होती. मी हिंगाची अख्खी डबी खोडात रिकामी केली.

पंधरा दिवसांत पानं लाल होऊन गळू लागली. मला जेवण जाईना. मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं, की पानं बारीक छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि ऊन-पाण्याच्या मदतीने त्याची साखर करतात. लाकूडही त्याच कार्बनचं. म्हणजे आमच्या श्वासांतूनही उभ्या राहिलेल्या खोडाला मी ड्रिल लावलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ऊन आलं की मी स्टुलावर चढून उरलेल्या पानांवर श्वास सोडू लागलो.

तळमजल्यावरच्या काकूंच्या खिडकीला याच झाडाची सावली. त्यांनी विचारलं, "काय रे, चष्मा पुसल्यासारखं हा-हा काय करतोस?"

"झाडाला कार्बन डायऑक्साइड देतोय, काकू."

"मग श्वास घेताना तोंड रस्त्याकडे कर. दिलेलं परत ओढशील."

आठवड्याभरात त्यांच्या भजनी मंडळातल्या सातजणी आल्या. स्टूल एकच, म्हणून नंबर लागले. शेवटचं पान गळलं तरी मंडळ बोडक्या फांद्यांवर हा-हा करत राहिलं. पानांशिवाय झाड तो वायू घेणार कुठून, हे मला ठाऊक होतं. तरी नंबर आला की मीही स्टुलावर चढायचो.

मग कोंब फुटले. काकूंनी झाडाखाली माझा सत्कार ठेवला. शाल खांद्यावर आली, नारळ हातात आला, आणि माझ्या तोंडून निघालं, "काकू, हिंग मीच भरला होता."

"माहितेय. खिडकीत रोज वास यायचा."

"आणि पानं गळली ती?"

"बदाम दर वर्षी पानं टाकतो रे. बावीस वर्षं झाडतेय मी."

"मग सत्कार कशाला?"

"इतकं मनापासून फुंकत होतास, तेव्हाच ओळखलं. म्हटलं, चारचौघांत शाल घातली की बोलेल."

त्यांनी माझ्या हातातला नारळ काढून घेतला आणि बुंध्याशी फोडला. खोबरं सगळ्यांना वाटलं. माझ्यापुढून ताट तसंच पुढे गेलं.