आईच्या दंडावरचा चटका

परवा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे करताना मनगटाला खापराचा चटका बसला आणि मला हसूच आलं… घरातले बघतच राहिले. म्हणून हे लिहितेय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी तेव्हा अमळनेरला कॉलेजात होते. आईच्या छातीत गाठ निघाली, जळगावला ऑपरेशन झालं, एक स्तन काढला. सरळच लिहिते, तेव्हा आमच्याकडे हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे.

जखम भरली, पण काखेपासून दंडापर्यंत अशी कळ मारायची की तिला वेणी घालता येईना. मग मांडे कुठले… पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर खेळवत मोठी करायची, उलट्या खापरावर टाकायची, हे काम गल्लीत तिच्यासारखं कुणाला जमत नव्हतं. गोळ्या घेऊन पडून असायची. "आवंदा आखाजी सुनी गई ते मी बी गऊ समज," म्हणायची. यंदाची आखाजी सुनी गेली तर आपणही गेलो, असंच तिने धरलं होतं.

मग सर्जननी धुळ्याला एका भूलतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी गॅस सिलिंडरला जोडलेली सुईसारखी नळी दुखऱ्या नसेपर्यंत नेली आणि ती नस गोठवली. "नस मारली नाही, झोपवलीय. काही महिन्यांनी जागी होईल. तोवर तिथे भाजलं तरी कळणार नाही, जपा," म्हणाले.

परतीच्या एसटीत आईने हात उंच करून वरचा दांडा धरला. मला रडू आलं.

आखाजीला मांडे तिनेच केले. पलीकडची कडा सोडवायला वाकली, आणि मी बघते तर तिचा दंड खापराला टेकलेला… आणि ही शांत! मी ओरडून हात ओढला. "माले ते काहीच कळनं नही वं," म्हणत ती फोडाकडे बघून हसायला लागली. मला मात्र त्या हसण्याचीच भीती वाटली.

दिवाळीत त्या डागावर उटणं लावत होते. तिने एकदम हात झटकला. "हळू वं माय, झोंबस!"

नस जागी झाली होती… आता ती कळही परत येणार? आली, पण थोडी. वेणी घालण्याएवढा हात तिचा तिला राहिला. त्या डॉक्टरांचं नाव आज आठवत नाही, उपकार मात्र विसरले नाही.

पुढच्या आखाजीला मी तिच्या दंडावर डोळा ठेवून खापराजवळच बसले होते. तिने मला कोपराने ढकललं.

"सरक तठून. आते माले कळस."