बापाच्या हातचं बी

अण्णा, म्हणजे माझे वडील, शेताच्या बांधावरून कधी चालत नसत. चपला हातात घेऊन शेजारच्या चिखलातून जात आणि आम्हालाही तसंच न्यायचे. "बांध आईचा हाय," म्हणायचे. औशाजवळच्या आमच्या त्या बांधावर आजीनं माहेरच्या रानफुलांचं बी फेकलं होतं. कुर्डू, गोकर्ण, तेरडा आणि नावं माहीत नसलेलं बरंच काही. तिला ते तिच्या वडिलांनी दिलेलं. आमच्यात लेक सासरी निघाली की ओटी आई भरते, पण त्यात बांधावरच्या फुलांचं चिमूटभर बी बापानं घालायचं असतं.

माणूस तसा तिरसट. भावकीत कुणाशी गोड बोलले असतील तर शपथ. फुलांची बाजू मात्र घ्यायचे. "दरसाली आपल्या पायानं येत्यात. पाव्हण्याला कुणी उपटतं व्हय?"

पुढं सोयाबीन आलं आणि कुर्डू बांधावरून त्यात उतरू लागला. खुरपायला बाया मिळेनात, अण्णांचे गुडघे गेलेले, आणि शेजारी रोज टोमणा मारायचा, "किसनराव, फुलं इकून खाता का?" एका दुपारी अण्णांनी पाठीवर पंप घेतला आणि बांधाला तणनाशक मारलं. बांध आधी पिवळा पडला, मग काळा. पुढच्या पावसाळ्यात जे काही उगवलं त्यावर पुन्हा मारलं. सोयाबीन झकास आलं, पण अण्णा जेवता जेवता ताटावरून उठायला लागले.

अशात माझं लग्न रेणापूरला ठरलं. अण्णा बी गोळा करायला शेतात गेले आणि रिकाम्या हातानं परतले. आई म्हणाली, "दुकानातलं झेंडूचं पाकीट आणा की, कोण बघायलंय?" तिच्यावर असे खेकसले की ती बिचारी चुलीपुढं जाऊन बसली. शेवटी ते थोरल्या बहिणीकडं, लोह्याला निघाले. मला बरोबर घेतलं. एकट्यानं जायची हिंमत नव्हती, हे मला एसटीत त्यांचं तोंड बघून कळलं.

आत्याच्या बांधावर सगळं फुललेलं होतं. घरात टेकल्यावर अण्णा म्हणाले,

"आक्का, जरा बी पायजे व्हतं. पोरीच्या ओटीला."

"तुझ्या बांधाला काय झालं रे किसना?"

"पाऊस कमी..." एवढं बोलून अण्णा थांबले. "न्हाई आक्का. म्या औषध मारलं. आईचा बांध म्या जाळला."

मला वाटलं, आत्या आता सोलून काढणार. तिच्या तोंडाला सगळं गाव भ्यायचं. ती जवळ आली आणि त्यांचे दोन्ही तळवे उलटेपालटे करून बघू लागली.

"फवारताना तोंडाला रुमाल तरी बांधला व्हतास का? लई वाईट आसतंय ते."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर अण्णांनी सोसल्या असत्या. त्यांनी हात सोडवून घेतले आणि बाहेर जाऊन भिंतीकडं तोंड करून बसले. बी आत्यानंच पुडी बांधून माझ्याकडं दिलं.

लग्नात माझी ओटी भरून झाली आणि सगळे अण्णांची वाट बघू लागले. ते पुढं आले, पुडीकडं बघितलं आणि मागं सरले. "माझ्या हातानं नको. ह्या हाताला औषध लागलंय." सासरची माणसं एकमेकांकडं बघू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी आत्यानं बी ओटीत घातलं.

रेणापूरचा माझा बांध आता दरसाल फुलतो. अण्णा यायचे, लांबून बघायचे. "अण्णा, एखादं फूल घ्या की हातात," मी म्हणायची. "न्हाई बाई. बघून राहिलो न्हवं, बास झालं." कितीदा म्हटलं, पण त्यांनी एकदाही हात लावला नाही.

गेल्या पावसाळ्यात अण्णा गेले. फोन आला तशी मी निघाले आणि निघता निघता बांधावरचा कुर्डूचा एक तुरा खुडून घेतला. उचलायच्या आधी, कुणाला न विचारता, त्यांची मूठ उघडून तो आत ठेवला आणि बोटं मिटवली. आत्या रडत रडत म्हणाली, "लई बरं केलंस बाई."

मला काही तसं वाटत नाही. आता त्यांना हात मागं घेता येणार नाही, हे बघूनच मी ते फूल त्यात कोंबलं होतं.